चिंचेने घासलेला नंबर

एरवी मी नवऱ्याला अरे-तुरे करते. राग अनावर झाला की मात्र 'अहो' म्हणते. त्यामुळे आमच्या घरात 'अहो' ऐकू आलं की मुलगी आपल्या खोलीचं दार लावून घेते. गेल्या दसऱ्यानंतर कितीतरी दिवस मी त्याला सलग 'अहो' म्हणत होते. कारण होती एक चाकांवरची खोली, माझ्याहून वयाने मोठी, आणि तिचा नाहीसा झालेला नंबर.

आम्ही शारजात अल मजाजला राहतो, लगूनच्या समोर. म्हणजे बाल्कनीतून उजवीकडे वाकलं की पाणी दिसतं, तेवढं समोर. फ्लॅट भाड्याचा. त्याआधीचा भाड्याचा, त्याच्या आधीचाही. लग्न झाल्यापासून ज्या ज्या भिंतींत राहिलो, त्यातल्या एकीतही विचारल्याशिवाय खिळा ठोकता आला नाही. मुलगी रांगत होती तेव्हा पुण्यात एक फ्लॅट बुक केला होता. बिल्डरने चार मजले उभे केले आणि तोंड लपवलं. आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर होता, म्हणजे हवेत. नवरा सुट्टीत पुण्याला गेला की एकदा तरी तिथे जातो, रस्त्याच्या पलीकडे उभा राहून वर हवेत बघतो आणि परत येतो. त्या हवेत स्वयंपाकघर कुठे, देवघर कुठे, सगळं त्याला पाठ आहे. बुकिंग केलं त्याच दिवशी त्याने दारावरची पाटीसुद्धा ठरवून टाकली होती: पितळेची, दोघांची नावं, अक्षरं सरळ, वेलबुट्टी नको. पाटी अर्थातच कधी झाली नाही. इथे दाराला फ्लॅट नंबरचा प्लॅस्टिकचा बिल्ला असतो, तो बिल्डिंगचा.

तर हा माणूस एका शुक्रवारी दुपारी जेवून उठला आणि म्हणाला, चल, तुला घर दाखवतो.

घर दुबईत अल क्वोजला होतं, एका मार्बलच्या गोदामाच्या मागच्या आवारात. शोधून काढलं होतं आमच्या शेजारच्या भाईंनी. भाई रत्नागिरीकडचे, गाड्यांच्या सुट्या भागांचा त्यांचा धंदा आहे. माझा नवरा आणि ते लिफ्टमध्ये भेटले की खाली पोचेपर्यंत काहीतरी नवीन खूळ ठरलेलं असतं. भाभी आणि मी दोघीही त्या लिफ्टला कंटाळलोय. दारातच भाई हात पुसत उभे होते. म्हणाले, वहिनी, आधी बघा आणि मग बोला. मी नाही म्हणायचं ठरवूनच घरातून निघाले होते, नुसतं नाही नव्हे, चांगलं खणखणीत.

संगमरवराच्या उभ्या लाद्या आणि एसीच्या गंजक्या नळांच्या मधोमध ती कॅराव्हॅन उभी होती. जुन्या काळी गोरे लोक गाडीमागे जोडून फिरायला न्यायचे ना, तसली. रंग कधीकाळी पांढरा असावा. चारी कोपरे गोल, पोट फुगलेलं, तेलात टाकल्या टाकल्या टम्म फुगलेल्या पुरीसारखी दिसत होती. कुठल्याशा परदेशी कुटुंबाने फार वर्षांपूर्वी ती इथे आणली आणि जाताना सोडून दिली. मग गोदामाचा कारकून तिच्यात बसायचा. नंतर तिच्यात रंगाचे डबे ठेवायला लागले. कागदपत्रं कधीच गहाळ झालेली.

मी आत गेले, नाही म्हणायला. आत गेल्यावर डाव्या हाताला एक इवलंसं सिंक होतं. त्याच्यावर खिडकी, खिडकीला बारीक पितळी दांडी, पडद्यासाठी. सिंकखाली फडताळ, फडताळाला कडी, आणि ती कडी अजून टकटक करत नीट बसत होती. मी ती लावली, उघडली, परत लावली. बाजूला भिंतीतून बाहेर पडणारं टेबल. मागे पलंग, तोही घडीचा. धूळ इतकी की मला सलग शिंका आल्या. नवऱ्याने बाहेरून विचारलं, काय म्हणतेस? मी त्या सिंकपाशी उभी होते आणि कांदा इथे चिरला तर साली कुठे टाकायच्या याचा विचार करत होते. माझं मला हसू आलं. म्हटलं, झालं, गेलो आपण कामातून.

गोदामाच्या मॅनेजरने किंमत सांगितली दिरहममध्ये. नवऱ्याने सवयीने ती मोठ्याने रुपयांत केली. मग तोच म्हणाला, एवढ्यात पुण्यात पार्किंगसुद्धा मिळत नाही. ते मात्र खरं होतं. सौदा ठरला.

अट एकच होती. गोदाम महिनाअखेरीला रिकामं व्हायचं होतं, आणि तोपर्यंत आवारात जे उरेल ते भंगारवाला उचलून नेणार होता. कॅराव्हॅन उभी करायला भाईंच्या ओळखीच्या एकाने वाळवंटाच्या बाजूची जागा देऊ केली होती, पण त्याचंही म्हणणं रास्त होतं: बेवारस दिसणारं काही नको, नंबरप्लेट असली तरच आणा. नंबरप्लेट तपासणी पास झाल्यावर मिळते. आणि तपासणीवाले सगळ्यात आधी बघतात कॅराव्हॅनवरचा मूळ सिरीयल नंबर. आम्ही म्हटलं, त्यात काय, असेल कुठेतरी. तो होताच. दाराशेजारी, पितळेच्या तळहाताएवढ्या पाटीवर, काजळीखाली, चार स्क्रूंनी बसवलेला. कोणी तो वाचला मात्र नाही. घाई काय होती?

मधे दसरा आला.

आता दसऱ्याला वाहन धुवायचं, हार घालायचा, पूजा करायची, हे काय मी सांगायला हवं? अल मजाजच्या पार्किंगमध्ये आदल्या संध्याकाळी निम्मी मराठी जनता बादल्या घेऊन उतरलेली असते आणि वॉचमन कपाळाला हात लावून बसतो. नवऱ्याने ठरवलं, यंदा गाडीबरोबर खोलीचीही पूजा. मी घरी देवांची भांडी घासायला चिंच भिजत घातली होती. ती वाटीसकट घेऊन, वर मिठाची पुडी आणि नारळाची शेंडी घेऊन स्वारी अल क्वोजला गेली. लहानपणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पितळ घासायचं काम घरात त्याच्याकडे असायचं आणि त्याच्यासारखं पितळ गल्लीत कोणी घासत नसे, हे मी लग्नापासून ऐकत आलेय. अंगात येतं त्याच्या. पडद्याची दांडी घासली. दाराची मूठ घासली. मग ती पाटी.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. घामाने निथळत होता आणि लहान मुलासारखा हसत होता. पाटी दाखवली. अशी लखलखत होती की मोबाईलचा कॅमेरा पांढरा पडला. मी इकडे श्रीखंडात वेलची घालत होते, मीही म्हटलं, वा. नारळ तेवढा त्याने फोडला नाही. म्हणाला, नारळ नंबरप्लेट मिळेल त्या दिवशी. मग झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि घरी येऊन चार पुऱ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्याच आठवड्यात रिकव्हरी ट्रकवर चढवून आम्ही कॅराव्हॅन तपासणीला नेली. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकली, सिलिकॉन ओएसिसहून थेट तिकडे पोचले. तपासणी करणारा एक तरुण एमिराती अधिकारी होता, गोड बोलणारा, हिंदी आमच्याहून बरी. त्याने चाकं बघितली, दिवे बघितले, सगळं ठीक. मग म्हणाला, या जुन्या मॉडेलचा नंबर दाराजवळच्या पाटीवर छापलेला असतो. नवऱ्याने छाती काढून दार दाखवलं. अधिकारी वाकला. पाटीत बघितलं. पाटीत बघून त्याने डोक्यावरचा गुत्रा जरा सारखा केला. आणि मग अगदी शांतपणे विचारलं, "नंबर किधर है?"

नवरा वाकला. मी वाकले. पाटीत आम्ही तिघंही दिसत होतो, दुसरं काही नाही. एक रेघ नाही, एक टिंब नाही. छापलेलं सगळं चिंचेबरोबर वाहून गेलं होतं.

अधिकाऱ्याने विचारलं, हे असं कसं झालं? नवऱ्याच्या तोंडून एकच शब्द फुटला: "सर, फेस्टिव्हल."

तो अधिकारी इतका हसला की त्याला भिंतीला हात टेकावा लागला. आतून सहकाऱ्याला बोलावून घेतलं, त्याने येऊन पाटीत आपली दाढी बघितली. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना, असं माझं काहीतरी चमत्कारिक झालं होतं. पण नियम तो नियम. सांगितलं त्याने की सांगाड्यावर, लोखंडात ठोकलेला तोच नंबर कुठेतरी असतो, तो शोधून आणा, चहा पिऊन होईपर्यंत काम करून देतो. आणि नाही मिळाला तर? त्याने हात झटकले. खलास.

कॅराव्हॅन परत गोदामात. महिना संपायला जेमतेम काही दिवस. परतीच्या वाटेवर मी पहिला 'अहो' काढला. म्हटलं, अहो, देवांची चिंच होती ती. पुढच्या सिग्नलला तो म्हणाला, फोटो असतील. माझा जीव भांड्यात पडला, कारण या माणसाने त्या खोलीचे इतके फोटो काढले होते की फोनने जागा नाही म्हणून कुरकुर सुरू केली होती. घरी आल्यावर मुलीने ते सगळे मोठ्या स्क्रीनवर लावले. दाराचे फोटो भरपूर होते. प्रत्येक फोटोत दाराशेजारी, बरोब्बर पाटीच्या पुढे, हा स्वतः उभा. कमरेवर हात, पोट पुढे. एका फोटोत पाटीचा कोपरा दिसत होता, पण तिथेही काजळी. मुलगी म्हणाली, "बाबा, यू लिटरली वॉश्ड अवे इट्स आयडेंटिटी." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मग सुरू झाला शोध. रोज ऑफिस सुटलं की मी अल क्वोज, नवरा अल क्वोज, भाई दुकान बंद करून अल क्वोज. एकदा भाभी पण आल्या, चपात्यांचा डबा घेऊन. मी ओढणी डोक्याला बांधून कॅराव्हॅनखाली सरपटत शिरले. ऑफिसात मी लोकांना बसण्या-उठण्याचे नियम शिकवते, एचआर ना आमचं, आणि इथे तोंडावर गंज पडत होता, पाठीला खडी टोचत होती, घामाच्या धारा लागल्या होत्या. खोटं कशाला सांगू, मला मज्जा येत होती. कॉलेजात असताना टेकडीवर चढायला जायचो, त्यानंतर इतकी मळले नव्हते मी. खालून मी ओरडून सांगायचे, इथे नाही. वरून भाई म्हणायचे, "होईल वो वहिनी, इन्शाल्ला."

नंबर मिळत नव्हता असं नाही. नंबरांचा सुकाळ होता. फडताळाच्या आत भाईंना एक नंबर सापडला, ठोकलेला, नीट, इंग्रजी अक्षर पुढे. आम्ही तिघांनी आवारात अक्षरशः फेर धरला. शेजारच्या कॅफेटेरियातून करक चहा मागवला, मॅनेजरलाही पाजला. चहा संपता संपता मॅनेजर आत डोकावून म्हणाला, हा शेगडीचा नंबर आहे. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या फळीखाली एक मिळाला, तो पलंगाचा. सिंकखाली एक होता, तो नळाचा. त्या कॅराव्हॅनमधल्या प्रत्येक खिळ्याला स्वतःचं नाव-गाव होतं, तिला स्वतःला तेवढं नव्हतं.

मुलीने घरबसल्या कुठेतरी वाचून कळवलं होतं: "ट्राय द फ्रंट बार. इट्स ऑल्वेज देअर." फ्रंट बार म्हणजे पुढचा लोखंडी दांडा, ज्याने कॅराव्हॅन गाडीला जोडतात. तो आम्ही बघितला. भाईंनी उजवी बाजू पॉलिशपेपरने घासघासून चांदीसारखी केली, तिथे काही निघालं नाही. डावी बाजू मी बघितली. गोदामातल्या लोकांनी वर्षानुवर्षं उरलेला रंग त्या दांड्याला फासला होता, हिरव्यावर काळा, काळ्यावर निळा, आणि वर कोणीतरी मार्बल बसवायचं सिमेंट सांडलेलं, ते वाळून दगड झालेलं. मी नखाने टोकरून बघितलं, नख तुटलं, मी तिथून निघाले. इकडे नाही, असं ओरडून सांगितलंसुद्धा.

शेवटच्या आदल्या संध्याकाळी भंगारवाल्याचा माणूस आला. उद्या दुपारी काय काय उचलायचं त्यावर तो खडूने फुल्या मारत चालला होता. गंजक्या नळांवर फुली, मोडक्या रॅकवर फुली. कॅराव्हॅनपाशी आला, दारावर फुली. नवऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि फुली पुसली. तो माणूस हसला, त्याने परत मारली. नवऱ्याने परत पुसली. मग मॅनेजर मधे पडला, म्हणाला, साहेब, माझ्या हातात नाही, उद्या दुपारपर्यंत नंबर मिळाला तर तुमची, नाहीतर त्याची. तिसऱ्यांदा फुली मारली तेव्हा नवऱ्याने ती पुसली नाही. पायरीवर जाऊन बसला.

मी त्याच्याशेजारी बसले. पायरी एकाच माणसापुरती होती, त्यामुळे मी अर्धी हवेत. चांगलं तोंडसुख घ्यायचं ठरवून बसले होते मी. आठवडाभराचे सगळे 'अहो' जिभेवर तयार होते. तो समोर लाद्यांकडे बघत म्हणाला, "पुण्याचा फ्लॅट गेला तेव्हा हवाच गेली गं. त्याला मी कधी हात लावला नव्हता. हिला मी हाताने घासलंय. हिला दार आहे. आत जाऊन लावून घेता येतं."

मी इतकी वर्षं त्याच्या त्या हवेकडे बघण्याची टिंगल करत आले होते. आणि खरं सांगायचं तर त्या सिंकवरच्या खिडकीसाठी मी पडद्याचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं, पिवळं, बारीक फुलांचं. त्याला सांगितलं नव्हतं.

मी उठले. म्हटलं, "ऊठ रे. नारळ फोडायचाय."

'रे' ऐकून त्याने वर बघितलं. म्हणाला, नारळ नंबरप्लेटच्या दिवशी ठरलाय, आता कशाला, उद्या तर जाणार. मी म्हटलं, जाऊ दे गेली तर. दसऱ्याला आपली होती, आजही आपली आहे. नारळाशिवाय पूजा अर्धवट ठेवून मी हिला भंगारात जाऊ देणार नाही. पूजेची थाळी सिंकखालच्या फडताळातच होती, सुकलेल्या झेंडूसकट. नारळ हातात घेतला. भाई लगबगीने चपात्यांचा रिकामा डबा घेऊन पुढे आले, म्हणाले, पाणी कशाला वाया घालवता, धरतो मी. नारळ कशावर फोडायचा? आवारातल्या लाद्या लाखमोलाच्या, जमीन सुट्या खडीची. पुढच्या दांड्याची डावी बाजू तेवढी दगडासारखी होती.

पहिल्या फटक्याला नारळाला काही झालं नाही. उडून माझ्याच पायावर आला. नवरा म्हणाला, दे, मी फोडतो. मी म्हटलं, बाजूला हो. आणि मग जो काही राग होता ना माझा, त्या बिल्डरवरचा, त्या खडूच्या फुलीवरचा, चिंचेवरचा, सगळा त्या नारळात घालून हाणला. नारळाची दोन शकलं झाली. पाणी भाईंच्या डब्यात कमी आणि त्यांच्या शर्टावर जास्त गेलं. आणि दांड्यावरचं ते सिमेंट, खालच्या सगळ्या रंगांसकट, खपलीसारखं निघून खाली पडलं.

भाई डबा धरून तिथेच वाकलेले होते. ते तसेच राहिले. "वहिनी," म्हणाले, "हलू नका."

ओल्या लोखंडावर एक अक्षर होतं. त्याच्या शेजारी अर्धा आकडा. मी करवंटीची कड घेतली आणि खरवडायला लागले, दुसरी करवंटी नवऱ्याने घेतली, आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून खोबऱ्यासकट तो दांडा खरवडत होतो. एकेक आकडा निघत गेला. उजेड उतरायला लागला होता, लोखंड काळं, आकडेही काळे, नीट वाचता येईनात. थाळीत कुंकू होतं. मी चिमूटभर घेतलं, नारळाच्या पाण्यात कालवलं आणि बोटाने त्या खाचांत भरलं, वरचं ओढणीने पुसून काढलं. लाल लाल आकडे एका ओळीत उभे राहिले, कोणी नुकतेच लिहिल्यासारखे.

नवऱ्याने मुलीला फोन लावून कॅमेरा धरला. तिने तिकडे त्या मॉडेलचे नंबर कसे असतात ते ताडून बघितलं, अक्षर बरोबर, आकडे बरोबर तेवढेच. आमची पोरगी घरात आम्हाला इंग्रजीतच उत्तर देते, कितीही ओरडा. त्या संध्याकाळी फोनमधून आवाज आला, "आई, सापडला गं!" ते मराठी ऐकून मी रडायलाच लागले. नवरा मॅनेजरच्या गळ्यात पडला होता. भाई डब्यातलं उरलेलं घोटभर नारळपाणी सगळ्यांना वाटत होते. आणि तो भंगारवाल्याचा माणूस आला, त्याने आकड्यांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि आपल्याच बाहीने दारावरची फुली पुसली.

दुसऱ्या दिवशी तपासणी केंद्र उघडायच्या आधीच आम्ही दारात हजर होतो. तोच अधिकारी होता. दांड्यापाशी वाकला, आकडे वाचले, लिहून घेतले. मग बोटाला लागलेला लाल रंग बघून त्याने मान वर केली, आणि तो काही विचारायच्या आतच नवरा म्हणाला, "सर, फेस्टिव्हल." पास. चहा पाजला, तोही त्यानेच. दुपारच्या आत नंबरप्लेट लागली आणि कॅराव्हॅन वाळवंटाच्या जागेवर जाऊन उभी राहिली.

पुढच्या शनिवारी सकाळी मी पहिल्यांदा तिथे पोहे केले. कांद्याच्या साली कुठे टाकायच्या ते जागेवर बरोबर सुचलं. पिवळा पडदा लावला. भाई-भाभी आणि मुलगी बाहेर सतरंजीवर बसले होते. नवरा बाहेर दाराशी खुडबुड करत होता, स्क्रूड्रायव्हर मागितला, मी खिडकीतून दिला. पोहे झाल्यावर हाक मारली तर येईना. मी चिडून बाहेर डोकावले.

दाराशेजारी तीच पितळी पाटी होती, त्याच चार भोकांत. मधल्या दिवसांत ती काढून त्याने शारजातल्या कोरीवकामाच्या दुकानात नेली होती. दोघांची नावं. अक्षरं सरळ, वेलबुट्टी नाही. या वेळी छापलेली नाहीत, खोल कोरलेली, चिंच लावा नाहीतर आणखी काही. तो तिच्यापुढे उभा होता, आणि या वेळी फोटो काढत नव्हता.

मला बघून त्याने मला आत ढकललं, बाहेरून दार ओढून घेतलं आणि टकटक केलं. वेडाच आहे. इतक्या वर्षांत प्रत्येक दाराशी येऊन वॉचमन, एजंट, मेंटेनन्सवाले आम्हाला जे विचारत आले, तेच त्याने बाहेरून विचारलं.

"मालक आहेत का घरात?"

मी दार उघडलं नाही. जरा वेळ त्याला तसंच उभं राहू दिलं, त्याच्या घराच्या बाहेर. मग म्हटलं, "अहो, मालक बाहेर उभेत. चपला काढा आणि या आत, पोहे गार होतायत."